अंगठ्याची थाप

नॅशव्हिलमध्ये गिटारदुरुस्तीच्या दुकानात काम करतो. मूळचा मिरजेचा; सतारीची जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवायला, तिथेच शिकलो. त्या मंगळवारी सत्तरी ओलांडलेले एक कंट्री गिटारवादक १९४०च्या दशकातली गिटार घेऊन आले. खर्जात झणझण होते, ही तक्रार. आधी दोन ठिकाणी दाखवली होती, दोन्हीकडे ‘काही दोष नाही’ म्हणून परत दिली होती.

मीही मान पाहिली, फ्रेट म्हणजे मानेवरचे पडदे पाहिले, मानेच्या टोकाला तारा धरणाऱ्या नटच्या खाचा पाहिल्या. सगळं जागेवर. पिकने वाजवली तर प्रत्येक सूर स्वच्छ. मग गिटार त्यांच्याच हातात दिली आणि म्हणालो, “रोज वाजवता तेच वाजवा.”

त्यांनी अंगठ्यात नखी चढवली आणि ‘डीप रिव्हर ब्लूज’ धरलं. तळहाताची कड ब्रिजपाशी, म्हणजे घोडीपाशी, तारांवर टेकलेली. अंगठा खर्जाच्या जाड तारांवर डग्ग्यासारखा ठेका देतोय आणि बोटं बारीक तारांवर गाणं म्हणतायत. हात एक, वाजवणारे दोन वाटावेत असं. पण मोकळ्या सहाव्या, सगळ्यात जाड तारेवर अंगठा पडला की झण्ण!

दोष तारेत नव्हताच. आतून आरसा फिरवला, वरच्या फळीवर बोटाने टिचक्या मारत गेलो, आणि एका ठिकाणी आवाज फुटका आला. फळीला आतून आधार देणाऱ्या एका पट्टीचं टोक सुटलं होतं. माझ्या हलक्या हाताने ती फळी तेवढी हललीच नव्हती. त्यांच्या अंगठ्याने हलली. आधीच्या दोघांचंही बहुधा हेच झालं असावं.

त्या काळातल्या गिटारी सरसाने जोडलेल्या. सरस गरम करायला ठेवला आणि तेवढ्यात त्या गाण्याचा विषय निघाला. अलाबामाच्या डेल्मोर बंधूंनी ते १९३३ साली ‘आय हॅव गॉट द बिग रिव्हर ब्लूज’ या नावाने ध्वनिमुद्रित केलं, दोघांचे आवाज आणि दोघांच्या गिटारी. पुढे नॉर्थ कॅरोलायनाच्या डॉक वॉटसननी, लहानपणीच दृष्टी गेलेला हा माणूस, तेच गाणं गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसच्या अंगठ्याच्या ढंगात एकट्या गिटारवर बसवलं. १९६४च्या त्यांच्या रेकॉर्डवर ते आहे. ई कॉर्डवरून डिमिनिश्ड कॉर्डवर सरकून पुन्हा ईवर येण्याची ती जागा मी कितीदा ऐकलीय! दुसरी गिटार कुठे गेली असं तिथे एकदाही वाटत नाही.

“ट्रॅव्हिसचा ढंग म्हणतात सगळे,” गिटार घेऊन आलेले ते वादक म्हणाले. ते स्वतः पश्चिम केंटकीचे, ट्रॅव्हिसच्याच मुलखातले. “पण ट्रॅव्हिस शिकला मोझ रेगर आणि आइक एव्हर्लीकडून. त्यांनी घेतलं केनेडी जोन्सकडून. आणि जोन्सच्या आधी आर्नल्ड शुल्ट्झ.”

शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय वादक. कोळशाच्या खाणीत राबायचा, गावोगावच्या नाचाला वाजवायचा, ब्लूज वाजवायचा. ब्लूग्रास या संगीतप्रकारातले बिल मन्रो पोरवयात त्याच्याबरोबर नाचाला साथ करायचे. १९३१ साली तो वारला, आणि त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. एकही नाही. आज कंट्री गिटारवादक जुनं ब्लूज नव्याने मांडतात तेव्हा ज्या अंगठ्याचं कौतुक होतं, त्याच्या मुळाशी असलेला हा हात कुणालाच ऐकता येत नाही. मला हे फार लागलं. आमच्याकडे गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. शुल्ट्झचं नाव निघालं तेव्हा माझा हात नकळत कानाकडे गेला. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीही कानाला हात लावला.

पट्टीखाली सरस सारला, आतून छोटा जॅक लावून रात्रभर दाबून ठेवली. बुधवारी संध्याकाळी तारा चढवल्या. त्यांनी तेच गाणं वाजवलं, आधी हळू, मग अंगठ्याचा सगळा जोर लावून. सहावी तार घुमली, पण झणझणली नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि मी हातातला पाना खाली ठेवला.

जाताना ते आपली जास्तीची नखी माझ्या बाकावर ठेवून गेले. खर्जाची तक्रार घेऊन आलेली प्रत्येक गिटार मी आता आधी तिनेच तपासतो.