'गेलो' की 'गेला'?

"संवाद रेकॉर्ड करून पाठवायचे की! त्यासाठी दीड महिना पुण्यात जाऊन कशाला राहायचं?" नाटकातल्या नटांना मालवणी बोली शिकवायला जिल्ह्याबाहेर पडलं की हा प्रश्न घरचे विचारतात, शेजारी विचारतात आणि निर्माते तर हमखास, राहण्या-जेवणाचा खर्च त्यांचा ना. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

रेकॉर्डिंग पाठवतोच. प्रत्येक वाक्य दोनदा: एकदा सावकाश, एकदा बोलण्याच्या चालीत. नट ते गाडीत ऐकतात आणि चौथ्या दिवशी हुबेहूब म्हणून दाखवतात. पण बसून. हालचाली बसवायला घेतल्या, हातात विळी आणि नारळाची कवड आली, की लक्ष हाताकडे जातं आणि जीभ आपल्या घरी परतते. 'माका' (मला), 'खंय' (कुठे) असे शब्द टिकतात. घसरतात ती शब्दांची टोकं.

माझो बापूस (बाप), माझी आवस (आई), माझा चेडू. पुल्लिंगाला ओ, स्त्रीलिंगाला ई, नपुंसकलिंगाला आ. चेडू म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी. 'येवा, कोकण आपलाच आसा' हे तुम्ही शंभरदा वाचलं असेल. त्यातलं 'आपलाच' पुल्लिंगी नाही, 'आपलंच' आहे. पुण्यात वाढलेला नट 'माझा बापूस' म्हणतो तेव्हा बाप नपुंसकलिंगी होतो, आणि नटाला पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या कानाला तेच बरोबर वाटतं. रेकॉर्डिंगला ऐकू येत नाही, पंचाईत ती आहे.

म्हणून पहिले ३ दिवस संहिता बंद. वीसेक क्रियापदं घ्यायची: मी जातंय, तू जातंस, तो जाता, मी इलंय (आलो), तू इलंस, तो इलो, ती इली. तीही केर काढता काढता, खोबरं खोवता खोवता. मग संहितेत पुल्लिंगी ओकाराखाली तांबडी रेघ, नपुंसकलिंगी आकाराखाली निळी. तालीम मध्येच थांबवायची नाही, चुका वहीत लिहायच्या. तालीम संपल्यावर प्रत्येकाला जास्तीत जास्त ३ सांगायच्या. १० सांगितल्या तर दुसऱ्या दिवशी तो अभिनय सोडून व्याकरण करत बसतो.

एवढं करूनही 'बापूस गेलो', म्हणजे बाप वारला, या दोन शब्दांनी घात केला. मुलगा उंबऱ्यावर येऊन बहिणीला सांगतो. मालवणीत 'तो गेलो' आणि 'मी गेलंय'. पुणेकराला 'गेलो' म्हणजे 'मी गेलो'. पहिल्याच प्रयोगात तिसऱ्या रांगेतून खसखस आली ती बाल्कनीपर्यंत गेली. बहिणीचं रडणं त्या हशात बुडालं. पुढचा सगळा प्रवेश प्रेक्षक आता काय गंमत येते म्हणून बघत होते.

दिग्दर्शक म्हणाले, 'गेला' करा. करा कसं? 'गेला' म्हणजे वासरू गेलं, भांडं गेलं. सिंधुदुर्गात, कुडाळच्या प्रयोगात बाप भांड्यासारखा जाईल! हट्ट धरला, 'गेलो'च राहिलं. 'कळत नसेल तर शिकून घ्या लोकांनी' हेही त्या रात्री बोलून झालं. आज तसं म्हणवत नाही. तिकीट काढून आलेला माणूस लिंगविचार शिकायला आला नव्हता. शिवाय अर्धा दोष हेलाचा होता. नट 'गेलोऽ' असा शेवट लांबवून वर नेत होता. १९८० साली 'वस्त्रहरण' हे मालवणी विनोदी नाटक आलं, मालवणी सगळीकडे गाजली, आणि तो हेल ऐकला की हसायचं हेही ठरून गेलं. नटाने तो उचलला कुठून? रेकॉर्डिंगमधूनच. 'बोलण्याच्या चालीत' म्हणून मीच त्यात भरला होता.

मग दुरुस्ती: 'बा'वर जोर, 'पूस' जवळजवळ गिळलेलं, एक श्वास, आणि 'गेलो' खाली उतरत, ओ आखूड, ओठ पुरते गोल न करता. त्याआधी बहिणीच्या तोंडी एक प्रश्न घातला, 'बापूस खंय आसा?', म्हणजे कोणाबद्दल चाललंय ते कानाला आधीच कळतं. हे सगळं प्रेक्षागृहात मागच्या भिंतीला टेकून, हशा नेमका कुठल्या अक्षरावर फुटतो ते ऐकत, प्रयोगामागून प्रयोग करावं लागलं. हसू कमी झालं, थांबलं नाही. मुंबईत, जिथे निम्मं थिएटर चाकरमान्यांचं होतं, तिथे मात्र कोणी हूं की चूं केलं नाही.

तर 'गेला' करायला हवं होतं का? कुडाळात असलो की नाही वाटतं. पुण्यात त्या भिंतीला टेकलो की तेवढी खात्री राहत नाही.

नव्या नाटकाची संहिता आलीय. त्यात आई जाते. 'आवस गेली'. ई दोन्हीकडे सारखीच, त्या वाक्यापुरतं तरी भांडण नाही. निर्माते म्हणतात, मग या वेळी रेकॉर्डिंगच पाठवा.