एकदम की एकेक?

अकरावीला संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्यतेचा नियम शिकवताना गोळी सुटल्यावर बंदूक मागे का येते, हे उदाहरण होतंच. यंदा मी वर्गाला जिमखान्याच्या हॉलमध्ये नेलं. बेअरिंगच्या चाकांवर फळी, फळीवर एक विद्यार्थिनी, तिच्या पुढ्यात वाळूच्या पिशव्या. तिने पिशवी मागे भिरकावली की गाडी पुढे सरकायची. घर्षणामुळे लगेच थांबायची, पण दर पिशवीगणिक हिसका वाढत होता.

“मॅडम, सगळ्या एकदम फेकल्या तर?” एकाने विचारलं.

वर्गाचं उत्तर तयार होतं: पिशव्या त्याच, फेकण्याचा वेग तोच, मग फरक काय पडणार? गाडीवर बसलेली मुलगी तेवढी म्हणाली, “पडणार. शेवटची फेकताना आधीच्या पिशव्या गाडीवर नसतात. मला कमी वजन ढकलायचं असतं.”

वर्गात परतून आकडे मांडले. गाडी आणि मुलगी मिळून 60 किलो, 10 किलोच्या चार पिशव्या, आणि फेकल्यावर गाडी व पिशवी सेकंदाला 5 मीटर वेगाने एकमेकांपासून दूर जातात असं धरलं. हाताने 40 किलो एकदम तेवढ्या वेगात जाणार नाहीत; रॉकेटमध्ये मात्र वायू बाहेर पडण्याचा वेग साधारण ठरलेला असतो, म्हणून हे गृहीतक चालतं. एकदम फेकल्यास गाडीला मिळतो 2 मीटरचा वेग. एकेक फेकल्यास 0.50, 0.56, 0.63 आणि 0.71 अशी भर पडत साधारण 2.4.

“पण जास्तीचा संवेग आला कुठून?” पहिल्या बाकावरून प्रश्न आला. या प्रश्नाचा मला फार आनंद झाला, कारण सगळी मेख इथेच आहे. 5 हा वेग गाडीच्या तुलनेत; जमिनीवरून पाहा. एकदम फेकलेल्या पिशव्या 3 मीटरने मागे जातात, 40 गुणिले 3, म्हणजे 120. एकेक फेकल्यावर पहिली 4.5 ने जाते, शेवटची 2.6 ने, आणि चौघींचा मिळून संवेग होतो साधारण 144. गाडीचाही तेवढाच, उलट दिशेने. नियम कुठेच मोडत नाही, तरी गाडीला जास्त मिळतं.

मुलांनी पिशव्यांचे आणखी तुकडे करत नेले. कितीही बारीक केले तरी बेरीज 2.55 च्या वर जाईना. हाच रॉकेटचं गणित मांडणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीच्या 1903 सालच्या लेखातला लॉगॅरिदम. मुलांना तो सूत्र म्हणून देण्याआधी हाताने सापडला, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

मग त्या मुलीनेच विचारलं, “माझी गाडी पिशवीच्या 5 च्या पुढे जाईल?” एकदम फेकून कधीच नाही, वाळू कितीही घे. एकेक चिमूट फेकलीस तर जाईल. फक्त सुरुवातीचं वजन रिकाम्या वजनाच्या 2.72 पटींहून जास्त हवं, म्हणजे तुझ्या 60 किलोंना 103 किलोंहून जास्त वाळू. 2013 मध्ये श्रीहरिकोट्याहून निघालेलं मंगळयान सुमारे 1340 किलोंचं होतं, त्यातलं 850 किलो इंधन. 1340 ला इंधनाविना उरणाऱ्या 490 ने भागायचं काम मुलांनीच केलं: 2.73.