बोलायला पैसे कशाला लागतात?

लग्नाच्या पंगतीत, ठाणे-वाशी लोकलमध्ये, सोसायटीच्या सत्यनारायणाला, कुठेही हा प्रश्न मला गाठतो. मी कळव्यात राहते आणि ठाण्यातल्या एका लहान संस्थेचे हिशेब बघते. संस्था वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचं काम करते. वस्त्या म्हणजे कळव्याच्या डोंगरावरच्या, आणि विटाव्याच्या पुढे दिघा, इलठणपाडा. पैसे एका फाउंडेशनचे, शिवाय थोडे एका कंपनीच्या सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांना कायद्याने सामाजिक कामावर घालावे लागतात त्यातले. एवढं ऐकून झालं की समोरचा विचारतो, "म्हणजे तुमच्या बायका घरोघर जाऊन बोलतात, असंच ना? मग त्याला एवढे पैसे कशाला? बोलायला काय पैसे पडतात?"

विचारणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं, निदान बहुतेकांच्या. डोळ्यांचं शिबिर घेतलं की चष्मे दिसतात, शाळेला बाक दिले की त्यावर देणाऱ्याचं नाव रंगवता येतं. आमच्याकडे फोटो काढण्याजोगं काही नाही, आणि असलं तरी काढायचा नसतो, कारण कोणाला कसला आजार आहे हे शेजारच्या घरातही कळता कामा नये. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. बी.कॉम. आहे, टॅली ह्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपुढे बसते. तेव्हा उत्तर व्हाउचरांतूनच देते.

शेअर रिक्षावाला पावती देत नाही. म्हणून आमच्या ताया, म्हणजे वस्तीत घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्या, छापील व्हाउचरवर तारीख, कुठून कुठे गेल्या आणि 'कारण' एवढं लिहून सही करतात. कारण दोन शब्दांत लिहा, असं ऑडिटर दर वर्षी सांगतो. ताया ऐकत नाहीत. एकीने लिहिलं होतं : "मुलाला व आईला ओपीडीला नेले. केसपेपर काढला. डॉक्टर सुट्टीवर. परत आलो. मुलगा रिक्षात रडला." पुढच्या आठवड्यातलं त्याच वाराचं, त्याच रस्त्याचं दुसरं व्हाउचर : "गोळ्या मिळाल्या. एक नव्हती, बाहेरून घेतली, बिल जोडले."

मुलगा विशी ओलांडलेला, आजार स्किझोफ्रेनिया. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या जवळपास फुकट. आई चार घरची धुणीभांडी करते. ओपीडीचा वार ठरलेला, त्या दिवशी सकाळी निघायचं ते दुपार टळल्यावर घरी. म्हणजे चार घरचा खाडा. त्यातल्या दोन घरी पैसे कापतात, एका घरी तर "आता दुसरी बाई बघते" असं ऐकवतात. एक महिना ती जाते, दुसऱ्या महिन्यात जमत नाही, तिसऱ्यात मुलगा बरा दिसतो म्हणून राहून जातं. गोळ्या संपतात. काही आठवड्यांत मुलाला पुन्हा आवाज ऐकू यायला लागतात, तो रात्र रात्र जागतो, समोरच्या घराचं दार ठोठावतो, मग भांडण, मग पोलीस, मग भरती. फुकटच्या गोळीचा खर्च हा असा असतो आणि तो कुठल्याच आरोग्य बजेटात दिसत नाही. तो त्या बाईच्या पगारातून जातो.

आमची ताई काय करते? मुलाला स्वतः घेऊन जाते, आईचा खाडा वाचवते. तिघांत कोणती गोळी सकाळची, कोणती रात्रीची हे ठरतं. समोरच्या घरातल्या काकूंशी बोलते, आजाराचं नाव न घेता. पुढे अपंगत्वाच्या दाखल्यासाठी खेटे घालते, कारण गंभीर मानसिक आजाराला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट जागा आहे, पण दाखल्याचा ऑनलाइन अर्ज भरणं त्या घरात कोणाला जमत नाही. हे सगळं आमच्या अहवालात 'समुपदेशन व पाठपुरावा' ह्या एका ओळीत येतं. लोक ती ओळ वाचतात आणि म्हणतात, नुसतं बोलणं!

ठाण्यात तर ह्या विषयाला जुना वास आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. पुण्यात ज्याला येरवडा म्हणतात त्याला मुंबईकडे "ठाण्याला पाठवा" म्हणत आलेत. माझ्या नात्यातले लोक अजूनही मी ठाण्यात नेमकं कशात काम करते हे चारचौघांत मोठ्याने सांगत नाहीत, "ट्रस्टमध्ये आहे" म्हणून मोकळे होतात. पण त्या भिंतींच्या आत कधीच न जाणारे, घरातच कुढणारे लोक कितीतरी पटींनी जास्त. बंगळुरूच्या निम्हान्स ह्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (आपला महाराष्ट्र त्यात नव्हता). त्यात दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक त्रास होता, आणि आजारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ एकसुद्धा भरत नव्हता, पाऊणच. त्यातलेही बरेच शहरात, आणि शहरात म्हणजे आमच्या डोंगरावर नव्हे.

मग ही दरी भरायची कोणी? साध्या माणसांनी, हे उत्तर आता सिद्ध झालंय, आणि ते आपल्या शेजारीच झालंय. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, नर्स नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घ्यायला लावल्या. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आले : नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळालेल्या लोकांचं नैराश्य जास्त उतरलं. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या गावांत पुण्याच्या एका विधी महाविद्यालयातल्या केंद्राने 'आत्मीयता' नावाचा प्रयोग केला. गावातल्याच माणसाला तयार करायचं; त्याने ओळखायचं, ऐकायचं, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचं, आणि सरकारी योजनेचा लाभही मिळवून द्यायचा. ह्या शेवटच्या गोष्टीचं मला फार कौतुक. रेशनकार्ड नाही म्हणून ज्या बाईला झोप लागत नाही, तिला श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार? सुरुवातीचा पैसा कॅनडातल्या एका अनुदानातून आला, पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात काम वाढलं तेव्हा मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने पाठबळ दिलं. मारीवाला म्हणजे मॅरिकोवाले, पॅराशूट तेलाची कंपनी. त्यांनी २०१५ पासून फक्त मानसिक आरोग्यालाच पैसे द्यायचे असं ठरवलेलं आहे, आणि असे देणारे देशात मोजकेच.

साधी माणसं म्हणजे फुकटची माणसं, असा मात्र सोयीचा अर्थ लगेच काढला जातो. "वस्तीतल्याच बायका ना, मग सेवाभावाने करतील की!" का करतील? त्यांचीही घरं आहेत. आमच्या एका ताईने पॅकिंगचं काम सोडून हे धरलं. तिथे ओव्हरटाइम मिळायचा. तिला दिवसभर दुसऱ्याच्या घरातलं मरण, दारू, मार ऐकायचा असतो आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी पोळ्या लाटायच्या असतात. तिला पगार द्यायचा, तो दर महिन्याच्या सात तारखेला द्यायचा, आजारी पडली तर रजा द्यायची. आमच्या बजेटचा निम्म्याहून मोठा हिस्सा ह्या पगारांत जातो आणि मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही.

त्याखालोखाल खर्च ज्यावर होतो, तो देणाऱ्यांना सगळ्यात कमी कळतो. दर आठवड्याला एक मानसतज्ज्ञ येऊन तायांबरोबर बसतात. एकेक केस काढतात. तिला तू हे का विचारलंस, ती गप्प झाली तेव्हा तू काय केलंस, आत्महत्येचा विचार मनात येतो का हे सरळ विचारलंस की नाही. हे सरळ विचारायचंच असतं. विचारल्याने डोक्यात तसलं खूळ शिरतं हा गैरसमज. गोव्याच्या कामात तर समुपदेशक एकमेकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकून एकमेकांना गुण देत. आमच्याकडे एका कंपनीचे साहेब म्हणाले होते, "ट्रेनिंग मागच्या वर्षी झालं ना, मग ह्या मॅडम दर आठवड्याला कशाला?" गाणं शिकवून झालं म्हणून कोणी रियाज बंद करतं का? आणि त्या बैठकीत शिकवणं निम्मंच. उरलेला वेळ ताया रडून घेतात, चिडून घेतात, चहा पितात. चहाचं बिल 'कर्मचारी कल्याण' मध्ये टाकते. ऑडिटरला चालतं.

आता पैसे देणाऱ्यांबद्दल थोडं बोलते, कारण तिथे माझा अधिकार आहे.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात. त्यातल्या प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. २०२१ मध्ये नियम बदलले तेव्हा हे पुरेसं स्वच्छ लिहिलं गेलं. तरी दर वर्षी कोणीतरी तरुण मॅनेजर आमच्या बजेटवर लाल पेन फिरवतो : "फील्ड स्टाफचे पगार अ‍ॅडमिनमध्ये येतात, ते पाच टक्क्यांत बसवा." मी नियमाची प्रत पाठवते. तो ती वरच्यांना पाठवतो. वरचे म्हणतात, असेल, पण आमची पॉलिसी अशी आहे. मग ते खुर्च्या आणि टॅबलेट द्यायला तयार होतात. गेल्या खेपेस 'समुपदेशन कक्षा'ला रंग द्यायची तयारी होती, दारावर लोगोसकट. वस्तीतली कुठली बाई लोगो लावलेल्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, शिरणार आहे? आमचं खरं समुपदेशन नळावर होतं, पाण्याची पाळी येईपर्यंत.

आणि मार्च. फेब्रुवारीपर्यंत फोन न उचलणारी माणसं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आपणहून फोन करतात : अमुक इतके शिल्लक आहेत, एकतीस तारखेच्या आत वापरता येतील का? आजार काही आर्थिक वर्ष बघून येत नाही. तीन आठवड्यांत पैसे उडवायचे तर बॅनर, पत्रकं, एखादा मेळावा. वास्तविक कायद्यातच सोय आहे. काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलं तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतं आणि न वापरलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवता येतो. थोडं आधी ठरवावं लागतं, इतकंच.

परदेशातून पैसे का नाही घेत, असंही एक जण विचारतात. त्याला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. पूर्वी मोठ्या नोंदणीकृत संस्था आपल्या अनुदानातून आमच्यासारख्या लहानांना वाटा देत. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला असा पैसा देणंच बंद झालं. एका ओळीच्या बदलाने कितीतरी लहान कामं आटली.

आमच्या फाउंडेशनबद्दल मात्र मी चांगलंच बोलणार, आणि ते पैसे देतात म्हणून नव्हे. त्यांनी तीन वर्षांचं एकदम कबूल केलं. पहिल्या वर्षी आकडे कमी आले तेव्हा त्यांच्या बाई स्वतः आल्या, एका ताईबरोबर डोंगर चढल्या, खाली उतरून म्हणाल्या, "घरं कमी घ्या." कमी घ्या! असं म्हणणारा देणारा मी तोवर पाहिला नव्हता. नाहीतर प्रत्येकाला 'प्रति लाभार्थी खर्च' हवा असतो आणि तो गेल्या वर्षीपेक्षा खाली आलेला हवा असतो. तो खाली आणायचा सोपा मार्ग मला माहीत आहे. नऊ प्रश्नांची नैराश्याची यादी घेऊन दारोदार फिरायचं, सह्या घ्यायच्या, प्रत्येक सही म्हणजे एक लाभार्थी. स्किझोफ्रेनियाच्या मुलाला हात लावायचा नाही, कारण तो एकटाच वर्षभर दहा जणांचा वेळ खातो. बऱ्याच सुंदर अहवालांच्या मागे हेच असतं.

हे सगळं सरकारचं काम नाही का? आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ पासूनचा, आणि २०१७ च्या कायद्याने तर सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. १४४१६ हा टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबरही ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. आमच्या तायांनी तो कितीतरी घरांत कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. दानाचा पैसा सरकारची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. आम्ही रुग्णालय काढत नाही ते ह्यासाठीच. आमचा पैसा डोंगरावरच्या घरापासून सरकारी ओपीडीच्या खिडकीपर्यंतचा रस्ता आहे, रिक्षाच्या भाड्यासकट. सरकार उद्या ह्या तायांना आपल्या आरोग्य केंद्रांत घेणार असेल तर मी आनंदाने माझी टॅली बंद करीन. त्याचा अर्ज आम्ही दिलेला आहे. पोच आहे, उत्तर नाही.

पंगतीत इतकं सगळं सांगायला वेळ नसतो, जिलेबी येते. पण काही जण हात धुताना पुन्हा गाठतात आणि म्हणतात, बरं, आम्ही काय देऊ? खुर्च्या नकोत. जुने कपडे नकोत. दर महिन्याला जमेल तेवढी लहान रक्कम द्या, आणि 'कशासाठी' ह्या रकान्यात काही लिहू नका. ज्या महिन्यात सीएसआरचा हप्ता लांबतो त्या महिन्यात सात तारीख त्यातूनच निभावते. देणगीवरच्या आयकर सवलतीची, म्हणजे ८०जीची पावती मी देतेच. फक्त, तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर तिची सवलत मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागून फोन नको.