पाच इंची पुली काढून सहा इंची बसवली, तिथून सुरू झालं सगळं

मी सोलापुरात नववी-दहावीचे विज्ञानाचे क्लास घेतो, अशोक चौकाच्या बाजूला, त्यामुळे पोरांमधली निम्मी तरी यंत्रमागवाल्यांच्या घरची असतात. कुणाचे वडील कामगार, कुणाचे जॉबर (माग दुरुस्त करून चालू ठेवणारे), कुणाचा स्वतःचाच आठ-दहा मागांचा कारखाना. नववीच्या पुस्तकात पहिला धडा गतीचे नियम आणि दुसरा कार्य आणि ऊर्जा, म्हणजे जुलैपर्यंत आमचं हेच चाललेलं असतं, न्यूटन आणि ज्यूल.

तर त्या दिवशी संध्याकाळच्या बॅचला एक पोरगा दप्तरातून नायलॉनचा एक फुटका ठोकळा काढून टेबलावर ठेवतो. म्हटलं काय बे हे? म्हणाला, "पिकर आहे सर, मागाचा. दोन-तीन दिवसाला एक फुटतोय. पप्पा लई चिडलेत, जॉबरमामाला बोलतेत, जॉबरमामा म्हणतेत माल खराब आलाय."

ज्यांनी माग बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताण्याचे, म्हणजे कापडाच्या लांबीतले उभे धागे वर-खाली उघडतात आणि त्या फटीतून धोटा इकडून तिकडे जातो, धोट्यात कांडी असते, तिच्यावरचं सूत मागे पसरत जातं. धोट्याला ढकलणारा तो पिकर. पिकरने ठोकला की धोटा सुटतो, समोरच्या पेटीत जाऊन अडकतो, मग तिकडचा पिकर त्याला परत पाठवतो. दिवसभर हेच, आणि चादर काय टॉवेल काय, असंच विणलं जातं.

मी पोरांना विचारलं, धोटा पिकरपासून सुटला आणि अजून पेटीत पोचला नाही, तर मधल्या वेळात त्याला पुढे कोण ढकलतं? अर्धा वर्ग ओरडला, "पिकरचं बल सर!" हे दरवर्षीचं आहे. पहिला नियम तोंडपाठ असतो, बल नसेल तर गती बदलत नाही वगैरे, आणि लगेच पुढच्या प्रश्नाला हलणाऱ्या वस्तूत बल भरून ठेवलेलं असतं. फक्त पिकरवाला पोरगा गप्प होता. मग हळूच म्हणाला, "कोणीच नाही ना सर. सुटला की सुटला. म्हणून तर कधी कधी बाहेर उडतो."

मी पिकरचं परत विचारलं, कधीपासून फुटतायत. तेव्हा कळलं की मोठी ऑर्डर आली म्हणून पप्पांनी मोटारीची पुली बदलली होती, पाच इंची काढून सहा इंची. मोटार तीच आणि तिचे फेरे जवळपास ठरलेले, पुली मोठी केली की माग तेवढ्याच पटीत जोरात पळतो. मिनिटाला १२० फेकी होत्या त्या १४४ झाल्या. पप्पांचा हिशोब सरळ होता, कापड २० टक्के जास्त निघणार, झीजही फार तर २० टक्के जास्त होणार, परवडतं.

मला राहवलं नाही. रविवारी तीन पोरं घेऊन गेलो कारखान्यात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. आत शिरलं की पहिली पाच मिनिटं डोकं बधिर होतं. तिथे कोणी बोलत नाही, हातवारे चालतात आणि ओठ वाचतात, माझा तो पिकरवाला पोरगा तर कामगाराशी शेडच्या या टोकावरून त्या टोकाला फक्त बोटांनी बोलत होता, क्लासमध्ये दोन वाक्यं सलग बोलायला लाजणारा. अण्णांनी (म्हणजे पोराच्या पप्पांनी, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात) एक माग जुन्याच पुलीवर ठेवला होता, तुलनेला तेवढा पुरे होता.

आम्ही पोरांच्याच मोबाईलवर स्लो मोशन लावलं, सेकंदाला २४० फ्रेमवालं. मागाच्या आडव्या दांड्यावर चॉकने एक मीटर अंतरावर दोन खुणा केल्या. पोरांना मी आधीच दम दिला होता की धोट्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहून शूटिंग करायचं. व्हिडिओ बघितला तर आधी सगळे हसले, कारण स्लो मोशनमध्ये ट्यूबलाईट भकभक करत होत्या, आपल्याला सलग दिसणारा उजेड सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो तो तिथे उघडा पडतो. मग धोटा दिसला. एरवी डोळ्याला नुसती रेघ दिसते, इथे अख्खा लाकडी धोटा टोकाच्या लोखंडासकट आरामात तरंगत चालल्यासारखा.

जुन्या पुलीच्या मागावर एक मीटर जायला २० फ्रेम लागल्या. २० भागिले २४० म्हणजे सेकंदाचा बारावा भाग, म्हणजे वेग सेकंदाला १२ मीटर. नव्या पुलीवर १६ ते १७ फ्रेम, म्हणजे १४.४ च्या आसपास. वेग बरोब्बर १.२ पट, अण्णा खूश, "बघा, मी सांगितलं होतं की!"

धोटा कांडीसकट काट्यावर ठेवला, ४०० ग्रॅम. पोरांनी तिथेच सुताच्या गोणीवर बसून मांडलं, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. जुना धोटा २८.८ ज्यूल. नवा ४१.५ ज्यूल. म्हणजे वेग २० टक्के वाढला आणि ऊर्जा ४४ टक्के. क्रिकेटचा लेदर बॉल ताशी ८० किलोमीटरने आला की त्यात साधारण एवढी ऊर्जा असते, आणि इथे तो मिनिटाला १४४ वेळा झेलायचाय.

आणि झेलायचा कशात, तर पेटीत, जेमतेम १५ सेंटीमीटरमध्ये. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, हे पुस्तकातलं वाक्य पोरांनी पहिल्यांदा कामाला लावलं असेल. २८.८ ला ०.१५ ने भागलं तर १९२ न्यूटन, ४१.५ ला भागलं तर २७७. सोप्या भाषेत आधी वीस किलोच्या वजनाएवढं सरासरी बल लागायचं, आता अठ्ठावीस किलोच्या. पेटी तीच, पिकर तोच. एका बाजूच्या पिकरने मिनिटाला ७२ वेळा ठोकायचं आणि ७२ वेळा झेलायचं, आठ तासांच्या पाळीत नुसतं ठोकणंच ३४,५६० वेळा. अशा वारंवारच्या माराने वस्तू थकते, आणि मार थोडा वाढला तरी आयुष्य खूप जास्त घटतं. जॉबरमामांचा माल ठीक होता बिचाऱ्यांचा.

हे सगळं मी अण्णांच्या कानात ओरडून सांगत होतो तेवढ्यात दोन माग सोडून पलीकडे धाडकन आवाज झाला. ताण्याचे काही धागे तुटून गुंतले होते, धोट्याचं नाक त्यावर उचललं गेलं आणि धोटा बाहेर. भिंतीला लागून खाली पडला, प्लास्टरचा टवका उडाला खांद्याच्या उंचीला. कोणी मधे नव्हतं. त्या मागाची धोटा अडवणारी जाळी काढून कोपऱ्यात उभी करून ठेवलेली होती, धागा जोडताना हाताला येते म्हणून. मी त्या टवक्यापाशी उभा राहून अण्णांकडे नुसतं बघितलं. त्यांनीही काही न बोलता जाळी उचलून कामगाराच्या हातात दिली आणि माग बंद करून ती बसवेपर्यंत तिथून हलले नाहीत.

नंतर बाहेर टपरीवर चहा घेताना अण्णा मुद्द्यावर आले. "मग सर, ते शटल (म्हणजे धोटा) नसलेले मशीनवाले कसं काय एवढं पळवतेत? त्यांचं मोडत नाही?" प्रश्न इतका नेमका होता की मला मजा वाटली. त्याचं उत्तरही वजनातच आहे. दहा काउंटचं सूत घ्या (काउंट म्हणजे सुताच्या जाडीचं माप), किलोमीटरला ५९ ग्रॅम. मागाच्या रुंदीचं दोन मीटर सूत म्हणजे ग्रॅमचा आठवा भाग. एवढंसं सूत पलीकडे न्यायला आपण ४०० ग्रॅमचं लाकूड फेकतो, तिकडे थांबवतो, परत फेकतो, आणि प्रत्येक वेळी त्याची सगळी ऊर्जा उष्णता आणि आवाज होऊन वाया. एअर जेटमध्ये हवेच्या झोताने फक्त धागा जातो, रेपियरमध्ये हलकी पकड धागा ओढून नेते. फेकायचं ओझंच नाही तर पळवायला काय.

जॉन केने दोरी ओढून उडवायचा धोटा १७३३ मध्ये काढला, त्याआधी हाताने सरकवायचे, हे मी सांगितलं तर पोरगा म्हणाला, "म्हणजे तीनशे वर्षं लाकूडच फेकतोय की आपण." अण्णा म्हणाले, रेपियरची किंमत विचार आधी, मग बोल. बरोबर आहे त्यांचं, विज्ञान मला कळतं, हप्ता त्यांना भरायचाय.

मग अण्णांनी खिशातून बिल काढलं, विजेचं. मोटारीचं पण विचारा म्हणाले. धोटा फेकण्यापुरतं बोलायचं तर एका फेकीची ऊर्जा ४४ टक्के जास्त आणि वर फेकीही २० टक्के जास्त, १.४४ गुणिले १.२, म्हणजे १.७३ पट शक्ती. आधी ५८ वॅटच्या आत जात होते, आता शंभराच्या घरात, एका मागाला, नुसत्या धोट्यापायी. मागाला बाकीची वीज वेगळी.

"साडेपाच इंची बसवली तर?" हे अण्णांनी विचारलं, पण हिशोब पोराने केला, बिलाच्याच पाठीमागे. वेग १.१ पट, ऊर्जा २१ टक्के जास्त, शक्ती ३३ टक्के. अण्णांनी ते बिल घडी करून खिशात टाकलं आणि म्हणाले दोन मागांवर साडेपाच लावून बघू, बाकीचे ऑर्डर संपेपर्यंत सहावरच राहू देत, पिकर मी आणतो.

आता पोराच्या विज्ञानाच्या वहीत मागच्या पानावर तक्ता आहे, माग नंबर, पुली, पिकर फुटल्याची तारीख. साडेपाचवाल्या दोघांचे रकाने मागच्या आठवड्यापर्यंत तरी रिकामे होते. जॉबरमामा रोज येऊन बघून जातात म्हणे.