डुक्कर मारायला गाइड कशाला?

गावाकडचा फोन असला की कुणीतरी विचारतंच, "टेक्सासात रानडुकराच्या शिकारीला ना परवाना लागतो, ना किती मारावीत याला मोजमाप. मग पैसे भरून गाइड कशाला लावता?" इथल्या मराठी मंडळींनाही तेच कोडं पडतं. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

मी करमाळ्याकडचा, आता सॅन अँटोनियोत राहतो. इथून दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेकडे निघालं की तासा-दीड तासात काटेरी रान लागतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी गाडीतून उतरून बघतच राहिलो. आपला फड्या निवडुंग, आणि त्याच्या शेजारी वेडी बाभूळ! म्हणजे अगदी तीच नव्हे, तिची चुलत बहीण. इथं तिला मेस्कीट म्हणतात. दोन्ही झाडं मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे ती बाहेरून आली. डुकराचं मात्र उलटं आहे. ते इथलं नव्हेच. स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरं आणली, त्यातली सुटून रानात गेली. पुढे १९३० च्या दशकात काही जमीनदारांनी शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली. दोन्हींची सरमिसळ होऊन आज टेक्सासात काही दशलक्ष डुकरं आहेत. मका पेरला की रात्रीत ओळीनं चालत जाऊन दाणा न् दाणा उकरून खातात. म्हणूनच १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की डुकरासाठी परवाना लागत नाही.

पण त्याच रानात, त्याच निवडुंगाखाली दुसरं एक जनावर राहतं. हावेलीना. लांबून बघाल तर डुक्करच म्हणाल. तसंच नाकाड, तशीच राठ केसांची पाठ. पण त्याचं कूळ वेगळं आहे आणि ते इथलं अस्सल रहिवासी आहे. वजन जेमतेम वीस-पंचवीस किलो. गळ्याभोवती फिकट केसांचा पट्टा, शेपूट दिसेल न दिसेल इतकं. डुकराचा सुळा वळून बाहेर येतो, याचा सरळ खाली उतरतो. डुकरीण एका वेतात सहज पाच-सहा पिलं देते, हावेलीनाला बहुधा दोनच होतात. एके काळी कातड्यासाठी ही जनावरं फार मारली गेली. १९३९ मध्ये टेक्सासनं त्यांना कायद्याचं संरक्षण दिलं. त्यांच्यासाठी परवाना लागतो आणि एका माणसाला वर्षाला दोनच मारता येतात.

आता ती संध्याकाळ सांगतो.

आम्ही ब्लाइंडमध्ये बसलो होतो. ब्लाइंड म्हणजे आपला राखणीचा माळाच, फक्त चारी बाजूंनी झाकलेला. समोर शंभरेक पावलांवर मक्याचं पिंप टांगलेलं. ठरल्या वेळी त्याची चकती फिरते आणि दाणे उधळले जातात. गाइड साठीच्या पुढचा, कमी बोलणारा. बसण्याआधी त्यानं टाल्कम पावडरची बाटली दाबून वारा कुठला आहे ते बघितलं आणि आम्हाला दुसऱ्याच ब्लाइंडमध्ये नेलं. दिवस मावळला, पिंप वाजलं आणि झाडोऱ्यातून सात-आठ काळ्या आकृत्या बाहेर आल्या. माझा गाल बंदुकीला टेकला. बोट घोड्याजवळ गेलं. तेवढ्यात त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली.

मला राग आला, खरं सांगतो. पैसे भरलेत, जनावर समोर आहे, आणि हा थांबवतो! मग वारा आमच्याकडे वळला आणि तो वास आला. उग्र, डोक्यात जाणारा. हावेलीनाच्या पाठीवर शेपटाच्या वर एक ग्रंथी असते. कळपातली जनावरं ती एकमेकांच्या अंगाला घासतात आणि त्या वासानं आपला कळप ओळखतात. त्यानं दुर्बीण माझ्या हातात दिली. दोन तांबूस पिलं आईच्या मागच्या पायांमध्ये घुटमळत होती. परवाना माझ्या खिशात होता, पण तो त्या पिलांच्या आईसाठी काढला नव्हता. काळोखात एकट्यानं बसलो असतो तर मी तिला डुक्कर समजून मारलं असतं. त्या विचारानं अजूनही पोटात गोळा येतो.

त्याच मुक्कामात दुसऱ्या रात्री खरं डुक्कर आलं आणि माझा नेम मागे गेला. हरणाचं काळीज असतं त्यापेक्षा डुकराचं खाली आणि पुढे असतं, हे गाइडनं आधी जमिनीवर काटकीनं काढून दाखवलं होतं. ऐन वेळी मी विसरलो. जखमी नर मेस्कीटच्या जाळीत घुसला. उद्या बघू, असं तो माणूस म्हणाला नाही. गुडघ्यावर बसून पानांवरचा एकेक थेंब शोधत आम्ही दोन तास फिरलो आणि शेवटची गोळी त्यानं मारली. सोलताना दोघांच्याही हातांत मोजे, कारण रानडुकराच्या रक्तातून ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार माणसाला होऊ शकतो. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवायचं, हे त्यानं मला दोनदा बजावलं. काळ्या मसाल्यात ते उत्तम लागतं.

मी अजून एकही हावेलीना मारलेलं नाही. परवाना काढतो, बघतो, परत येतो.

आमच्या वडिलांनी जन्मभर माळ्यावर रात्री काढल्या. डबे वाजवले, गोफण फिरवली. मक्याचा फड आडवा झालेला बघितला, पंचनाम्याची वाट बघितली. तिकडे डुक्कर मूळचं आहे, त्याला असं उठून मारता येत नाही, आणि पीक तर बापाचंच जातं. म्हणून इथल्या शिकारीच्या गोष्टी त्यांना सांगताना मला जड जातं. तरी मागच्या खेपेला पाणवठ्यावरच्या चिखलातल्या मागाचा फोटो पाठवला. एवढासा खूर; मला वाटलं, पिलाचा असेल. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलं.

"ह्ये डुकराचं न्हाई," म्हणाले. "डुकराच्या खुरामागं चिखलात दोन ठिपकं उमटत्यात. ह्येच्या मागं कुठं हायेत?"