पट्टी, इसार आणि मॅरिलियन

सातवी-आठवीत असताना यात्रेची पट्टी गोळा करायला मी अण्णांबरोबर घरोघर फिरायचे. पावतीपुस्तक त्यांच्या हातात, कार्बन माझ्याकडे. आमचं गाव ओतूरच्या पुढे, यात्रा चैत्रात. घरटी किती घ्यायचे ते पंच ठरवायचे. पण ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असेल, तिथे अण्णा पुस्तक पिशवीतून काढायचेच नाहीत. ओट्यावर बसून पाणी प्यायचे आणि उठायचे. मुंबईला माथाडीत असलेल्यांकडून मात्र हक्कानं दुप्पट मागायचे.

पाडव्याच्या सुमाराला गावची चार माणसं एसटीनं नारायणगावला जायची. तमाशासम्राज्ञी विठाबाईंचं गाव ते. तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पंच येतात, सुपारी ठरते. आमची माणसं ठरलेल्या रकमेतला थोडा इसार देऊन परत यायची. तमाशा प्रत्यक्ष उभा राहायला अजून काही आठवडे असायचे, पण त्या संध्याकाळपासून तो आमचा तमाशा असायचा. गावात ज्यानं पट्टी दिली नाही तोही रात्री पुढेच बसायचा, शेजारच्या गावची माणसंही बसायची. कुणी उठवायचं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पंचवीस वर्षं मी ज्या बँडच्या मागे आहे त्याची गोष्ट मला या एकाच वाटेनं नीट कळली.

१९९९ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगला होते. हॉस्टेलमधली माझी रूममेट शिलाँगची. तिच्याकडे भरून आणलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटींनी गच्च अशी बिस्किटांची पत्र्याची पेटी होती. त्यातल्या एका कॅसेटवर निळ्या शाईनं फक्त ‘मॅरिलियन’ लिहिलेलं. वीज गेली की ती वॉकमनचा एक कान मला द्यायची. अशा एका रात्री मी त्या बँडच्या स्टीव्ह रॉथरीची गिटार पहिल्यांदा ऐकली. तो घाई करत नाही. एक सूर धरतो आणि तो पुरता पिकल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. पंधरा-पंधरा मिनिटांची गाणी, मध्येच शांत होणारी, पुन्हा उसळणारी. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे ती कॅसेट मागितली आणि तिनं विचारलंसुद्धा नाही, परत कधी देणार ते.

मॅरिलियन हा इंग्लंडमधल्या एल्सबरी गावचा बँड, १९७९ मधला. ऐंशीच्या दशकात ते खूप मोठे होते. १९८५ मध्ये त्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि एक गाणं दुसऱ्या. बाहेरच्या जगाला आजही तेवढंच एक गाणं माहीत असतं. १९८८ मध्ये गायक फिश सोडून गेला, पुढच्या वर्षी स्टीव्ह होगार्थ आला आणि होगार्थ, रॉथरी, मार्क केली, पीट ट्रेवावस, इयान मोझली हे पाच जण तेव्हापासून आजतागायत एकत्र आहेत. १९९५ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं त्यांना सोडून दिलं. रेडिओवर त्यांची गाणी लागणं आधीच बंद झालं होतं. मला हा बँड सापडला तो या पडत्या काळात, आणि फिश की होगार्थ हा वाद चाहत्यांमध्ये तेव्हाही पेटलेला होता. तो अजून विझलेला नाही. गाजलेला सोंगाड्या फड सोडून गेला की गावातले जुने जाणते नव्याला वर्षानुवर्षं मान देत नाहीत, तसंच हे. मी होगार्थच्या बाजूची. त्याच्या आवाजात माणूस स्वतःशी बोलताना सापडतो, आणि माझ्या लेखी बँडचं सगळ्यात चांगलं काम तो आल्यानंतरचं आहे.

नेट कॅफेत तासाला तीस-चाळीस रुपये पडायचे. मी आठवड्याला एक तास काढायचे आणि जगभरच्या चाहत्यांना ई-मेल लिहायचे. त्यांच्यात एक रीत होती. मैफलींची श्रोत्यांमधून केलेली रेकॉर्डिंग एकमेकांना पाठवायची, फुकट. कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च मागणाऱ्यानं द्यायचा. आपल्याला एक प्रत मिळाली की पुढे दोघांना करून द्यायची. पैसे कुणी कमवायचे नाहीत. आणि बँड जे विकतो, ते कधीही कॉपी करायचं नाही. हा शेवटचा नियम मोडणाऱ्याला कुणी पुन्हा उत्तर द्यायचं नाही.

मी कोऱ्या कॅसेटी अमेरिकेला पाठवणार कशी? टपालखर्चच माझ्या महिन्याच्या मेसच्या बिलाएवढा झाला असता. तसं मी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या एका बाईंना लिहिलं. त्या शाळेत ग्रंथपाल होत्या. पाच आठवड्यांनी हॉस्टेलवर एक जाड पाकीट आलं. आत तीन कॅसेटी, प्रत्येकीच्या कागदावर गाव, तारीख आणि गाण्यांची यादी ग्रंथपालाच्या सुबक अक्षरात. सोबत चिठ्ठी होती: मला काही पाठवू नकोस, तिथल्या दोघांना करून दे. मी गल्लीतल्या एका काकांचा डबल कॅसेट डेक दोन रविवार मागून घेतला आणि एक संच कोलकात्याला, एक बेंगळुरूला धाडला. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात. काकूंनी त्या वेळात मला वाटाणे सोलायला बसवलं होतं. दोन्ही रविवार.

त्याच बाईंच्या ई-मेलमधून मला १९९७ ची हकिकत कळली. बँडनं अमेरिकन चाहत्यांना कळवलं होतं की दौरा परवडत नाही, साधारण साठ हजार डॉलरचा तोटा होईल, म्हणून येत नाही. चाहत्यांपैकी एकानं विचार मांडला की मग तो तोटा आपणच भरू. बँडनं यात हात घातला नाही. खातं चाहत्यांनी उघडलं, पैसे चाहत्यांनी जमवले, आणि साठ हजार डॉलर उभे राहिले. मॅरिलियन त्या वर्षी अमेरिकेत फिरून आले. लोकांकडून इंटरनेटवर पैसे जमवून देणारं किकस्टार्टर निघायला त्यानंतर बारा वर्षं होती.

यातली एक गोष्ट लोक सांगताना गाळतात आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. ते पैसे म्हणजे तिकीट नव्हतं. ज्यांनी दिले त्यांनी पुन्हा रांगेत उभं राहून तिकीट काढलं. ज्यांनी दिले नाहीत त्यांनीही तेच तिकीट तेवढ्याच किमतीला काढलं आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. बाईंनी पन्नास डॉलर दिले होते. त्यांच्या गावातली मैफल बँडनं रेकॉर्ड करून तिची सीडी पैसे देणाऱ्यांना नंतर भेट म्हणून पाठवली, पण देताना सीडी मिळेल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

मी हे सुट्टीत अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे पट्टीच की.”

पुढे बँडनंही हीच वाट धरली. २००१ च्या अल्बमचे पैसे त्यांनी रेकॉर्डिंगच्या आधीच चाहत्यांकडून घेतले. बारा हजारांहून जास्त जणांनी एकही गाणं न ऐकता इसार दिला. त्या जोरावर, ज्या ईएमआयनं त्यांना काढलं होतं तिच्याशीच त्यांनी फक्त वितरणाचा करार केला आणि गाण्यांचे हक्क स्वतःकडे ठेवले. २००४ च्या अल्बमच्या खास आवृत्तीत तर आगाऊ पैसे देणाऱ्यांची नावंच छापली. त्यात माझं आडनाव आहे, एक अक्षर चुकलेलं. मी ते पान अण्णांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून आजूबाजूची नावंही वाचली. त्याच वर्षी बँडचं एक गाणं ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर आणायला चाहत्यांनी एकेकानं त्याच्या दोन-दोन, तीन-तीन प्रकारच्या सीडी घेतल्या. ते मला पटलं नाही, आजही पटत नाही. पट्टी गाण्यासाठी द्यावी, क्रमांकासाठी नाही.

२००८ पासून मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला असते. इथून पावणेदोन तासांवर, ब्राउवर्सडॅम या समुद्राच्या बांधाला लागून पोर्ट झेलांड नावाचं सुट्टीच्या घरांचं गाव आहे. साधारण दर दोन वर्षांनी मॅरिलियन चाहत्यांच्या संमेलनासाठी ते अख्खं गाव घेतात. हे संमेलन २००२ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालं, २००७ पासून इथेही होतं. तीन दिवस, तीन रात्री, रोज वेगळी मैफल, एखाद्या रात्री एखादा जुना अल्बम पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. घरांच्या गच्च्यांवर ज्याच्या त्याच्या देशाचे झेंडे. समुद्राचा वारा असा की झेंडा दोरीनं दोन ठिकाणी बांधावा लागतो. आणि एक कार्यक्रम असा, की बँडमधला एक जण बाजूला होतो आणि त्याच्या जागी चाहत्यांपैकी कुणीतरी उभं राहून उरलेल्या चौघांबरोबर वाजवतं. एकदा एक पोरगेला मुलगा रॉथरीच्या जागी उभा होता. सोलो आला तेव्हा त्यानं डोळे मिटले. पुढे उभे असलेले त्याचे वडील गाणं संपेपर्यंत स्टेजकडे पाहूच शकले नाहीत, जमिनीकडे बघत राहिले. रॉथरी कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता.

२०१९ च्या मार्चमध्ये रॉचेस्टरच्या बाई आल्या. वीस वर्षांच्या ओळखीनंतर पहिली भेट. गुडघ्यांचं दुखणं, हातात काठी, निवृत्त झालेल्या. त्या माझ्याच घरात उतरल्या. शनिवारी सकाळी मी पोहे केले. शेजारच्या घरातले दोन पोलिश आणि एक चिलीचं जोडपं वासानं आत आलं, मग आणखी एकदा कांदा चिरला. बाईंनी कढीपत्त्याचं एक पान ताटाच्या कडेला नीट ठेवलं आणि विचारलं, हे खातात की नुसतं वासाला? मी म्हटलं, आमच्याकडेही यावर दोन मतं आहेत.

इतक्यात अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार, ते ओट्यावर. मी फोन बाईंकडे वळवला. अण्णांनी हात जोडले, मग थेट कामाचं विचारलं.

“त्यांना विचार, त्या पट्टीचा हिशोब कुणी ठेवला होता?”

मी इंग्रजीतून विचारलं. बाई म्हणाल्या, एका चाहत्यानं. त्याला मी कधी भेटले नव्हते. चेक टपालानं पाठवला.

“आणि पावती?”

ई-मेल आला होता, पैसे पोचले म्हणून.

अण्णा जरा थांबले. “ज्यांनी दिले नाहीत त्यांना आत सोडलं का?”

सोडलं. सगळ्यांना सोडलं.

अण्णांनी मान हलवली. मग मला म्हणाले, “चैत्रात त्यांना आपल्या यात्रेला घेऊन ये. तमाशा पुढे बसून बघतील. खुर्ची ठेवू, गुडघ्याचं सांगितलंस ना. त्यांची पट्टी मी भरतो.”

मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि विचारलं, चैत्र म्हणजे नेमका कधी?