तुम्ही विचारलंत म्हणून: पाप केलं की तारण जातं का?

अभ्यासवर्ग संपून सतरंज्या गुंडाळायला लागलं की कुणीतरी हे विचारतंच: ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याच्या हातून पाप घडलं, तर त्याचं तारण, म्हणजे पापातून मिळालेली सुटका, जाते का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असतं, कारण पुढचं वाक्य तयार असतं. ‘नाही’ म्हटलं की, ‘म्हणजे काहीही केलं तरी चालतं?’ ‘हो’ म्हटलं की, ‘मग ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या मरणानं पूर्ण काय झालं?’ माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावणार नाही, हे येशूचं वचन (योहान १०:२८) तुम्हाला पाठ आहे. एकदा प्रकाश मिळून, स्वर्गीय दानाची ‘रुची घेऊन’ पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, हे इब्री ६:४-६ सुद्धा. ती पुन्हा लिहीत बसत नाही.

आधी सांगा, कुठलं पाप? रागाच्या भरात तोंडून गेलेली शिवी, वर्षानुवर्षं झाकून चालवलेला व्यभिचार, की चारचौघांत ख्रिस्ताला नाकारणं? तिन्हींना एकच उत्तर मागता आणि मी ‘ते बघावं लागेल’ म्हटलं की टाळतोय म्हणता.

हा प्रश्न एकदा सगळ्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) दारात येऊन उभा राहिला होता, ते सांगतो. इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या हुकमानं रोमन साम्राज्यातल्या रहिवाशांना देवतांना बळी अर्पण करणं भाग पडलं. नेमलेल्या लोकांसमोर जायचं, पेय ओतायचं, अर्पणाचं मांस खायचं आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले सापडलेत. मजकूर सरकारी साच्यातला: देवतांना मी नेहमीच अर्पण करत आलो आहे, आताही हुकमाप्रमाणे तुमच्यासमोर केलं आहे, तसं प्रमाणित करावं. ७२ वर्षांच्या एका म्हाताऱ्याच्या दाखल्यावर उजव्या भुवईवरच्या व्रणाचीही नोंद आहे. (तो ख्रिस्ती होता असं नव्हे; दाखला सगळ्यांनाच लागायचा.)

कार्थेजमध्ये, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, ख्रिस्ती लोक थव्यानं गेले. कुणी खरंच बळी दिला, कुणी नुसता धूप जाळला, कुणी पैसे चारून फक्त कागद मिळवला. छळ ओसरला तसे हेच लोक प्रभुभोजनाला (ख्रिस्ताचा देह आणि रक्त म्हणून भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीला) घ्या म्हणून परत आले. बिशप सिप्रियन स्वतः लपून राहिला होता, त्यामुळे त्यानं कडक बोललेलं अनेकांना रुचेना. त्यात विश्वासासाठी तुरुंगात गेलेल्यांनी शिफारसपत्रं वाटायला सुरुवात केली, तीही ‘अमक्याला त्याच्या माणसांसह घ्या’ अशी मोघम. एका पत्रावर किती जण आत येतील याला धरबंधच नव्हता.

कार्थेजमधल्या बिशपांच्या २५१ च्या सभेनं सरसकट निकाल दिला नाही. फक्त कागद घेतला होता त्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यायचं. प्रत्यक्ष बळी दिला होता त्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं आणि प्रभुभोजन मिळणार मरणाच्या दारात. दीडेक वर्षात नव्या छळाची चिन्हं दिसली आणि प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांनाच आत घेतलं गेलं. कारण काय दिलं? पुढच्या झुंजीला यांना प्रभूच्या देहा-रक्ताशिवाय पाठवायचं कसं! तिकडे रोममध्ये नोवेशियन नावाच्या धर्मगुरूनं अशांना परत घ्यायला साफ नकार देऊन वेगळी मंडळी काढली, ती काही शतकं टिकली. ३२५ साली निकियाच्या परिषदेनं मधला मार्ग काढला. जबरदस्ती नसताना पडलेल्यांनी ३ वर्षं फक्त ऐकणाऱ्यांत बसायचं, ७ वर्षं लोटांगण घालणाऱ्यांत, आणखी २ वर्षं प्रार्थनेत सामील व्हायचं पण प्रभुभोजन नाही. एकूण १२ वर्षं. आजच्या कुठल्या पाळकाची हे सांगायची छाती आहे?

पुढची उत्तरं याच भांडणाच्या पोटातली आहेत. लुथरवाद्यांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाचं बारावं कलम एका दमात दोघांना धुडकावतं: नीतिमान ठरलेल्याकडून पवित्र आत्मा जाऊच शकत नाही म्हणणाऱ्यांना, आणि पश्चात्ताप करणाऱ्यालाही क्षमा नाकारणाऱ्या नोवेशियनवाद्यांना. कॅथलिकांचं उत्तर सर्वांत नेमकं. बाब गंभीर, पूर्ण जाणीव, मनापासून संमती, या तीन अटी भरल्या तर कृपा जाते. आणि कबुलीसंस्कारानं, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करून, परत मिळते. कॅल्विनच्या वळणाच्या प्रोटेस्टंटांची १६१८-१९ ची डॉर्टची सभा म्हणते, खरा विश्वासणारा दावीद किंवा पेत्रासारखा भयंकर पडेल, काही काळ कृपेची जाणीवही गमावेल, पण देव त्याला सोडणार नाही. ‘एकदा हात वर करून प्रार्थना केली, आता कसंही जगा’ असं डॉर्टनं कुठेही म्हटलेलं नाही. ते तिच्या माथी मारणं थांबवा.

पूर्वी मी डॉर्टचं उत्तर देऊन मोकळा व्हायचो. आजही ते मला चूक वाटत नाही. पण कुणी कायमचा सोडून गेला की ‘तो मुळात आपल्यातला नव्हताच’ म्हणायचं (१ योहान २:१९), तर मग आज बाकावर बसलेल्यानं स्वतःबद्दल काय समजायचं? जी खात्री द्यायला निघालो तिलाच सुरुंग! मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ; ते म्हणतात, तारण जातं आणि परतही मिळतं. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा डॉर्टच्याच वळणाचा प्रेसबिटेरियन वारसा आणि ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट एकाच छताखाली आले, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही उत्तरं एकाच बाकावर बसतात आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

राहिलं इब्री ६. डॉर्टवाले म्हणतात, ‘रुची घेतली’ म्हणजे पुरता विश्वास नव्हे. मग त्याच पत्रात, २:९ मध्ये, येशूनं मरणाचा अनुभव घेतला तिथेही चाखण्याचाच शब्द आहे. ते मरण काय अर्धवट होतं? पण मेथडिस्टांचीही सुटका नाही: परत मिळतं म्हणता, आणि वचन तर ‘अशक्य’ म्हणतं. चौथ्या शतकात मिलानच्या अंब्रोजनं नोवेशियनवाद्यांना उत्तर देताना तोडगा काढला की अशक्य आहे ते दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणं, पश्चात्ताप नव्हे. मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो. त्याहून बरा माझ्याकडेही नाही.